शेजारच्या मावशी

सुभानपुरा, बडोदे

तीर्थरूप आईस,
योगिनीचा नमस्कार.

मी बरी आहे. कारखान्यातला नवा पंप नीट चालतो आहे. प्रवासात तुझा गुडघा दुखला का?

शनिवारच्या सिनेमाबद्दल लिहायचं आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये तो जुना हेरगिरीचा सिनेमा चालू होता. समुद्राखालच्या मारामारीत नायकाची हवेची नळी कापली, तशी तू उभी राहून ओरडलीस, "अरे मेल्या, वर ये आधी! मारामारी मग कर!" सगळे हसले. ऑफिसातल्या हेतलने मला विचारलं, "आ मासी कोण छे?"

शेजारच्या मावशी आहेत, असं मी तिला गुजरातीतच सांगितलं.

तुला गुजराती कळणार नाही, असं मी धरून चालले होते. पण तू खाली बसलीस आणि पुढचा सिनेमा गप्प पाहिलास. सकाळी बाबांच्या डब्याचं कारण सांगून निघालीस. तू आठवडाभर राहणार होतीस.

आज हेतलला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मग तेव्हा का नाही बोललीस?" मी पंपाचा विषय काढला.

तुझ्यापाशी तसं करायचं नाही. फोनवर तू नेहमीसारखीच बोलतेस, म्हणून हे पत्र. एकदा मनापासून रागावून घे.

तुझीच मुलगी,
योगिनी