टाक्यातल्या मासोळीचा ठिपका

एकोडी, मंगळवार, दिवेलागणीनंतर

ठिपका जाणारच होता, हे मला माहीत होतं. पण आजचा प्रकार!

धानाच्या शेतालगतच्या आमच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, मत्स्यबीज सोडलं, तेव्हा त्यातलं बोटाएवढं एक पिल्लू मी घरामागच्या टाक्यात ठेवलं. शेपटीच्या मुळाशी शंकरपाळ्यासारखा काळा ठिपका, म्हणजे मृगळ जातीचा मासा. सासूबाई म्हणाल्या, रोहू. तेव्हापासून रोज संध्याकाळी टाक्यापाशी आमचं भांडण. कोंडा टाकत, हसत, पण भांडणच.

मृगळ वाढला की ठिपका पुसट होतो. मग ओळखायचं तोंडावरून. आज सासूबाईंनी स्वतःहून हाक मारली, "ये वो, पाय! कुठी गेला तो ठिपका? आता ओठ पाय."

मासोळी वीतभर झालेली. ओठांना झालर, अंगावर तांबूस झाक. शंभर टक्के रोहू! मृगळाचा रोहू कसा होईल? तेवढ्यात दोरीवरचं जाळं दिसलं. अजून ठिबकत होतं. आणि आमचे हे, आईचे लाडके, माझ्याकडे बघेचनात.

"काहून हसून राहिली?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. तुम्हीच जिंकल्या."

पण बोडीतून लेकाकरवी नेमका रोहूच निवडून आणवला, म्हणजे सासूबाईंना सगळं ओळखता येतं! मग इतके दिवस भांडत काहून होत्या? मी रोज टाक्यापाशी येऊन बसावं म्हणून?

असो. उद्या त्या उठायच्या आत टाक्यात चांगला मोठ्या डोक्याचा कटला सोडते. बघू काय म्हणतात.