दोघींच्या पिस्तुलाची मूठ

रवि. ७ सप्टेंबर
शोभा आली नाही. लोधीखेड्याहून सौंसर म्हणजे काय अमेरिका आहे? मी पांढुर्ण्याहून धक्के खात येते. या हप्त्यात आमचं दोघींचं एअर पिस्तूल माझ्याकडे, म्हणजे ओझंही माझंच.

गोडाऊनमधल्या नेमबाजीच्या रेंजवर मोजून पाच टाळकी. गोडाऊनवाल्यानं अर्ध्या जागेत सरकीच्या बोऱ्या लावल्या, त्या बदल्यात भाडं कमी केलं. आता सरळ दहा मीटर भरत नाहीत, म्हणून आमचे कोच गजभिये सरांनी टेप धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरपी लाईन आखली. एकानं मारायचं, बाकीच्यांनी बसायचं. ट्यूबलाईट एकच. टार्गेटचा कागद दोन्ही बाजूंनी वापरतो, मग भोकांवर पेपरचे तुकडे चिकटवून अजून एकदा.

डॉक्टरसाहेब आधी एका सकाळी छर्र्यांचा डबा रिकामा करायचे. आज पुडीत बांधून आणले, तंबाखू आणावा तसे. कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या पुड्या तेवढ्याच.

मंगळ. ९ सप्टें.
शाळेत मोठ्या मॅडमनं बोलावलं. अॅडमिशन घटले, दोन तुकड्या एक करून राहिले. पुढच्या महिन्यापासून अर्धा दिवस, अर्धा पगार. "आप लोग तो समझदार हैं." समझदार असल्याची शिक्षा.

घरी नवऱ्याला, प्रकाशला सांगितलं. त्याच्या सूतगिरणीतही हप्त्यातून तीनच पाळ्या. जेवला, ताट उचललं, टीव्ही लावला. पिस्तूल विक, असं तो म्हणत नाही. म्हटलं असतं त भांडता आलं असतं.

रवि. १४ सप्टें.
शो. आजही नाही. मेसेज आला: "माझं आता जमत नाही. तूच ठेव." बस्स. चार वर्षांआधी पिस्तूल अर्धे पैसे तिनं, अर्धे मी टाकून घेतलं. एक हप्ता तिच्या घरी, एक माझ्या. दुकानातून निघाल्यावर दोघी खोकं मांडीवर घेऊन बसमध्ये हसत होतो, लोक पाहत होते. आणि आता तूच ठेव. लय राग आला. "ठीक" लिहून पाठवलं.

छर्रे कमी असले की वाईट सवय लागते. छर्रा सोडवतच नाही. नेम धरते, धरूनच बसते, मग हात थरथरते अन् छर्रा भलतीकडे. सर कावले. "मॅडम, काहून इतकं धरून राहिल्या? नाही जमत त हात खाली घ्या. खाली घ्याचे पैसे लागत नाहीत."

गुरु. १८ सप्टें.
आज मूठ घासली.

लाकडी मूठ आपापल्या हाताप्रमाणे कानशीनं उतरवतात, कुठं पुट्टी भरतात. सगळेच करतात. आमचं पिस्तूल दोघींचं, म्हणून जशीच्या तशी ठेवली होती. शो.चा पंजा रुंद, माझी बोटं आखूड. चार वर्षं दोघींनाही धड बसली नाही. आता तूच ठेव म्हणते ना? मग.

प्र.ची कानस घेतली, घासायचा रेगमाल घेतला, ओट्यावर पेपर पसरला. डाळ करपली. प्र. म्हणे, "हे काय करून राहिली?"
"माह्यं करून राहिली."
दुसऱ्याच्या वह्या, दुसऱ्याचे डबे, दुसऱ्याची पोरं. एक वस्तू माझ्या मापाची झाली. बरं वाटलं, काय खोटं बोलू.

रवि. २१ सप्टें.
हात ठेवला अन् बसलाच. नेम धरून बसावं लागलं नाही. सगळे छर्रे काळ्या गोलात. सर चष्मा वर करून कागद पाहत म्हणाले, "आता बसली." परत येताना बसमध्ये उभीच होती, तरी पाय दुखले नाहीत.
शो.ला फोटो पाठवावा वाटलं. नाही पाठवला. तिले कुठं पडलं आहे.

शुक्र. ३ ऑक्टोबर
काल नागपूरला, दीक्षाभूमीवर. यंदा पुस्तकं हातात घेतली, पाहिली, परत ठेवली. आज अंग नुसतं आंबलं आहे.

संध्याकाळी शो.चा फोन. एवढ्या दिवसांनी तिचा आवाज ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. नर्सिंग होमनं दोन सिस्टर कमी केल्या, त्यात ही एक. जुलैपासूनच अर्धी ड्यूटी होती म्हणे. मला आज सांगते.
"पिस्तूल विकून टाकू ना वं. अर्धे मले दे. घर चालवाचं आहे."
मी म्हटलं, हो. मुठीचं सांगितलं नाही. तिनं लगेच व्हाट्सअपवर जाहिरात टाकली, आमचा जुना फोटो लावून. त्यात मूठ न घासलेली, साबूत आहे.

रवि. १२ ऑक्टो.
रेंजवर गिऱ्हाईक आलं. छिंदवाड्याचे, बँकेतून रिटायर झालेले, बोलायला गोड. हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा धरलं. तळहात अर्धा बाहेर.
"ये ग्रिप किसने काटी?"
"मैंने."
"मैडम, अब तो ये आप ही के काम की है."
नवी मूठ बाहेरून मागवावी लागेल, मिळेल की नाही कोण जाणे, तर भाव पाडून द्या म्हणाले. मग विचारलं, "आपकी पार्टनर को पता है?"
हो म्हटलं. तोंडावर खोटं बोलली. यांनी शो.ला फोन करू नये, एवढंच बसमध्ये घोकत होती. नंबर जाहिरातीत तिचाच आहे.

सोम. १३ ऑक्टो.
केला त्यांनी फोन. शो.चा मेसेज: "मूठ घासली?"
"हो" लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पाठवलं. वाचला तिनं. पुढं काही नाही.

बुध. २२ ऑक्टो.
दिवाळीच्या सुट्ट्या. बिनपगारी, हे मॅडमनं सुट्टी लागल्यावर सांगितलं.

उतरवल्या जागी पुट्टी भरून पाहिली. फुगली, भेगा पडल्या, खरवडून काढली. घासलेलं लाकूड काही परत येत नाही. प्र. म्हणे, तिच्या अर्ध्याचे पैसे आपण देऊन टाकू. म्हटलं, कुठून? कंटाळा आला आहे सगळ्याचाच. कोणावर चिडावं तेही समजून नाही राहिलं.

रवि. २६ ऑक्टो.
शो. आली. वाळली आहे. सरांना जय भीम केला, मला नाही. पिस्तूल मागितलं. धरलं. बोट घोड्याच्या पार पुढं जात होतं, अंगठ्याखाली पोकळी. एक छर्रा मारला, कागदाच्या कोपऱ्यात लागला. पुन्हा हात उचलला, खाली घेतला, टेबलावर ठेवून दिलं. डॉक्टरसाहेब सरकीच्या बोऱ्यांकडं पाहत बसले.

बाहेर चहाच्या टपरीवर गेलो. चहा कोणी पीत नव्हतं.
"किती रविवार वाट पाह्यली वं माही?"
"तूच म्हटलं होतं, तूच ठेव."
"म्हटलं होतं. बसभाड्याले पैसे नव्हते, हे लिहाची लाज वाटली म्हून थे लिहिलं. एक फोन नाही करता आला तुले? काहून नाही येत, म्हून?"
मी चहाचा ग्लास तिच्याकडं सरकवला.
"सांग ना. किती?"
"दोन."
हसली थोडीशी. भांडली असती त बरं झालं असतं. तिच्या हातात बसचे पैसे कोंबायला गेली, तिनं मूठ वळून घेतली. "त्या छिंदवाड्यावाल्याले हो म्हण नाही त नाही म्हण. आता मले त्यात नको घेऊ." लोधीखेड्याची बस उभीच होती. चढली. खिडकीशी बसली, पण दुसऱ्या बाजूच्या.

आत जाऊन सरांना म्हटलं, आज नाही मारत.

संध्याकाळी छिंदवाड्याहून फोन. पडत्या भावात आजच घेतो म्हणे. उद्या सांगते म्हटलं. सगळे पैसे शो.ला दिले तरी ती घेणार नाही, मला माहीत आहे. नाही विकलं त पुढच्या रविवारी ते कोणत्या तोंडानं उचलू?
प्र. म्हणे, "तिले फोन कर."
नंबर काढून बसली आहे. काहून नाही येत, हे आता विचारता येत नाही. दुसरं काय विचारू, सुचून नाही राहिलं.