आठव्या नंबरचा ट्रे

रविवार, १४ तारीख
दुपारचे अडीच

ती. ताईस,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. ह्यांची पाठ तशीच आहे, म्हणजे बाजारातून पिशव्या आणायच्या म्हटलं की दुखते आणि मॅच लागली की बरी होते. पोरीची परीक्षा जवळ आली आहे, त्यामुळे घरात मोठ्याने शिंकायचीही चोरी.

तुझं खोकं बुधवारी पोचलं. दोन्ही जबड्यांचे ठसे धड आले, कुठे चीर नाही. घरबसल्या घेतलेत म्हणून सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं. सोबतची चिठ्ठीही वाचली. ‘वीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये आहेस, मग मी परक्यांचे खिसे कशाला भरू? तूच गुपचूप ट्रे करून दे. बहीण कशाला असते?’ आणि खाली, मी तीनदा फोन उचलला नाही म्हणून चार ओळी झाडलेल्या. त्याही पोचल्या. फोनचं कारण पुढे येईलच.

आधी तू विचारलंस ते सांगते, म्हणजे निदान काहीतरी कामाचं लिहिलं असं होईल. रकमा डॉक्टरागणिक बदलतात, म्हणून माझ्या पगारात सांगते. माझा पगार तुला पाठ आहे. धातूच्या तारा सगळ्यांत स्वस्त, तीन पगार. दीड-दोन वर्षं लागतात आणि प्रत्येक जेवणानंतर आरशासमोर ब्रश घेऊन उभं राहावं लागतं. दाताच्या रंगाच्या हव्या असतील तर चार-साडेचार. त्या लांबून दिसत नाहीत, पण तुझी शेजारीण काही लांबून बघणारी नाही. आतल्या बाजूने बसवतात त्या कोणालाच दिसत नाहीत. जीभ मात्र सोलून निघते, आणि खर्च ऐकून तू मलाच ओरडशील. राहिले तुझे पारदर्शक ट्रे. आठ पगार. दर दोन आठवड्यांनी नवा ट्रे, दिवसाचे बावीस तास तोंडात. खाताना काढायचा, धुवायचा, परत चढवायचा.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दात सरकतात का, असं विचारलंस. सरकतात. हिरड्या आणि आतलं हाड चांगलं असेल तर. हे शेवटचं वाक्य परत एकदा वाच, ताई. माझ्याकडून ते वाचायचं राहून गेलं.

पोरगी हाक मारते आहे. उरलेलं उद्या.


सोमवार, १५ तारीख

जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. आमची लॅब तळघरात आहे हे तुला माहीत आहे, पण तू कधी आली नाहीस. खिडकी एकच, छताजवळ, आणि तिच्यातून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं दिसतात. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. कोणावरही नाव नाही, नुसते नंबर. इतकी वर्षं लोकांचे दात हातात घेऊन बसते. माणूस रस्त्यात भेटला तर ओळखणार नाही, त्याने जांभई दिली तर ओळखेन.

ट्रे करायचं आमचं काम असं. प्लास्टरच्या जबड्यातून वाकडा दात बारीक करवतीने कापून वेगळा करायचा. पाव मिलिमीटर सरळ करून मेणाने परत बसवायचा. त्यावर गरम प्लास्टिकचा पत्रा दाबला की ट्रे तयार. मग आणखी पाव मिलिमीटर, पुढचा ट्रे. किती सरकवायचं, कुठे थांबायचं, हे एक्स-रे बघून डॉक्टर लिहून देतात. आम्ही हात चालवतो.

गेल्या पावसाळ्याआधी मी माझा स्वतःचा ठसा घेतला.

जेवणाच्या सुट्टीत सगळे वर जातात तेव्हा मालक किल्ली माझ्याकडे ठेवतात. ‘तू आहेस म्हणजे मी आहे,’ असं म्हणतात. त्या अर्ध्या-अर्ध्या तासात मी दहा ट्रे केले. फळीवर माझा नंबर आहे ४१७. आणि मला घाई होती म्हणून पावाऐवजी अर्धा मिलिमीटर सरकवत गेले. प्लास्टरमध्ये सगळं छान बसत होतं. प्लास्टरच्या दाताला मूळ नसतं, ताई. वीस वर्षांत हे एकदाही डोक्यात आलं नाही. एखाद्या दुकानदाराने किंवा शिक्षिकेने ही चूक केली नसती, त्यांना भीती वाटली असती. मला वाटलं, मला येतं.

आठव्या ट्रेला हिरडीतून रक्त यायला लागलं. मग वरचा, पुढचा, डावीकडचा दात हलायला लागला. ट्रे घातल्यावर थोडा हलतो तो सगळ्यांचाच. हा जिभेने ढकलला तरी जातो. त्याची हिरडी वर सरकली आहे आणि दात लांब दिसतो. आता साडेचार महिने झाले, मी आठव्यावरच आहे. नववा बसत नाही, आणि आठवा काढून ठेवला तर दात तोंडात राहील की हातात येईल याची खात्री नाही. त्याला ट्रेनेच धरून ठेवलं आहे. दिवसातून दोनदा, न्हाणीघराला आतून कडी लावून, जपून काढते, धुते, लगेच घालते. सगळं मऊ करून खाते. ह्यांना वाटतं मी वजन कमी करते आहे.

ट्रे घातला की माझ्या ‘स’चा ‘श’ होतो. तू एका वाक्यात ओळखलं असतंस. म्हणून फोन उचलत नाही.

मग डॉक्टरकडे का जात नाहीस, असं तू म्हणशील. गावात दातांचे पाच डॉक्टर, आणि पाचही जणांचं काम आमच्याच लॅबमध्ये येतं. प्रत्येक कारागीर ट्रेची कडा आपापल्या पद्धतीने कापतो. मी हिरडीच्या वळणावळणाने कापते. त्या पाचांतल्या डॉक्टरबाई तर सगळ्यांसमोर म्हणाल्या आहेत, ‘ही कडा मी डोळे मिटून ओळखेन.’ तेव्हा मला काय अभिमान वाटला होता! ट्रे घालून गेले तर कोणी केला ते तोंड उघडताच कळणार. बाहेरगावचा डॉक्टरही पहिलं हेच विचारणार, ट्रे कोणी लिहून दिला. न घालता जावं तर पोचेपर्यंत दात टिकेल असं नाही. माझी नोकरी जाईल ते जाईल. पण डॉक्टरांच्या कागदाशिवाय लॅबमध्ये उपचाराचं काम झालं हे बाहेर पडलं तर मालक तोंडघशी पडतील. ज्या माणसाने किल्ली दिली, त्याच्याशी मी अशी वागले. रोज त्यांच्यासमोर मास्क लावून बसते. आत सगळेच मास्क लावतात, हे एक बरं आहे.

मला खूप भीती वाटते, ताई. हे कोणालाच सांगितलेलं नाही.

सुट्टी संपली.


मंगळवार

तुझ्या ठशात प्लास्टर ओतलं. वाळल्यावर बाहेर काढलं आणि माझ्या ४१७ शेजारी ठेवलं. तुझाही तोच दात, डावीकडचा, त्याच बाजूला वळलेला. बाबांचा दात. लहानपणी तारांनी सरळ झालेला तुझा दात पुन्हा तिथेच जाऊन बसला आहे.

तुझ्या लेकीच्या पदवीच्या समारंभात फोटोच्या वेळी तू माझ्या कानात म्हणालीस, ‘अगं, ओठ मीट ना जरा.’ मी हसण्यावारी नेलं. पुढच्याच आठवड्यात ठसा घेतला. हे मी तुझ्यावर ढकलण्यासाठी लिहायला बसले होते. बाबा म्हणाले होते, आधी ताईचे दात, मग धाकटीचे. आणि मग त्यांचा कारखाना बंद झाला. हेही ऐकवायचं ठरवलं होतं. पण तुझा जबडा समोर ठेवल्यावर ते काही लिहवेना.

कारण तुझी प्लेट मी मोडली.

तारा निघाल्यावर तुला मिळालेली, गुलाबी, तारेची, दात परत सरकू नयेत म्हणून रात्री घालायची. तू सोळाची, मी अकराची. माझी पाळी यायला वेळ होता आणि मला धीर नव्हता. तू कॉलेजला गेलीस की मी ती माझ्या दातांवर दाबून बसवायची. एक दिवस जोर केला आणि मधोमध कट्‌ झाली. तुकडे मागच्या गटारात टाकले. आई तुला किती बोलली! वस्तूची किंमत नाही, एवढा खर्च केला, बेपर्वा पोरगी. दुसरी प्लेट कोणी करून दिली नाही. तू रडत होतीस आणि मी शेजारी बसून वहीत चित्र काढत होते. अजूनही घरात कुणाचं काही हरवलं की सगळे हसून तुझं नाव घेतात. मीही घेते.

तुझे दात परत वाकडे झाले ते माझ्यामुळे. आणि आता तू मला म्हणतेस, तूच सरळ करून दे. ताई, मी करणार नाही. माझ्या हातावर तू विसंबू नकोस.

मालकांना आज संध्याकाळी सगळे निघाले की सांगणार आहे. डॉक्टरबाईंकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. मग किल्ली टेबलावर ठेवीन.

गुरुवारी साडेअकराला डॉक्टरबाईंकडे दोन नावं दिली आहेत, एक माझं, एक तुझं. तुझा आधी एक्स-रे होईल, मग त्या सांगतील काय झेपेल आणि किती लागेल. माझं काय सांगतील ते मला साधारण माहीत आहे. मी ट्रे घालूनच जाणार. तो त्यांच्याच हाताने निघू दे, आणि दात यायचा असेल तर तिथे येऊ दे.

हे पत्र कुरियरने पाठवते आहे, उद्या तुझ्या हातात पडेल. गुरुवारी सकाळी आठची बस पकडलीस तर वेळेवर पोचशील. प्लेटवरून काय बोलायचं ते शुक्रवारी बोल, हवं तितकं बोल, मी ऐकून घेईन. गुरुवारी फक्त शेजारच्या खुर्चीवर बस.

तुझी प्लेट मोडणारी,
धाकटी