गच्चीवरची तात्पुरती वेधशाळा

१२ जानेवारी, पहाटे ५.३०

उठलो. (प्रत्यक्षात सव्वासातला. पण साडेपाचचा निर्णय कालच झालेला असल्यामुळे रेकॉर्डला तीच वेळ घेतो. प्लॅनिंग म्हणतात ते हेच.)

आजपासून मी 'टिटवी-१' या उपग्रहाचा ग्राउंड सिस्टीम मॅनेजर. उपग्रह बंगळुरूची मंडळी बनवतात. तो वर गेल्यावर खाली जे जे लागतं, म्हणजे अँटेना, कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर आणि माणसं, ते सगळं माझ्याकडे. थोडक्यात, त्यांनी फक्त कॅमेरा वर पाठवायचा, बाकी मिशन माझं. टिटवी हे नावही मीच सुचवलं. उपग्रह लहान आहे, पण टिटवीदेखील समुद्र आटविते. हेमा म्हणाली, टिटवी ओरडली की घरात काहीतरी विपरीत होतं असं तिची आई म्हणायची. बायकोच्या माहेरच्या शास्त्राकडे दुर्लक्ष केलं.

हे वेधशाळेत बसून लिहितोय. वेधशाळा म्हणजे आमच्या वारज्यातल्या इमारतीच्या गच्चीवर मी दोन वर्षांपूर्वी उभारलेली खोली. वर पत्रा, आत टेबल, खुर्ची आणि पंखा. मला निवांत विचार करता येईल अशी जगात ही एकच जागा आहे. हेमा तिला 'तो पत्रा' म्हणते. सोसायटीच्या सेक्रेटरी श्यामलाताई, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, तिला अनधिकृत म्हणतात. त्या बरोबर खाली राहतात आणि पावसाळ्यात त्यांच्या छताला ओल येते. शेड तात्पुरती आहे असं मी त्यांना लेखी कळवलेलं आहे.

संकल्प: साडेपाचला उठणे. बंगळुरूहून आलेलं जाडजूड इंटरफेस डॉक्युमेंट (वरचा उपग्रह आणि खालची यंत्रणा एकमेकांशी कशी बोलणार ते) रविवारपर्यंत वाचून संपवणे. चहा दोनच कप.

१८ जानेवारी, रविवार

डॉक्युमेंट: पान ४. पाया भक्कम झाला. पुढचं स्पृहा वाचते आहे. स्पृहा माझी सॉफ्टवेअरची मुख्य इंजिनिअर. हुशार आहे, फक्त प्रश्न फार विचारते. चहा पाच कप, पण ऑफिसचे कप लहान.

३० जानेवारी

ग्राहक येऊन गेले. एका छोट्या शहराच्या नगररचना विभागाचे साहेब. त्यांना टिटवीच्या फोटोंतून अनधिकृत बांधकामं शोधायची आहेत. जुना फोटो आणि नवा फोटो ताडून आमच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक नव्या बांधकामावर लाल चौकोन काढायचा. साहेब म्हणाले, लोक बेरकी असतात, पत्र्यावर हिरवी जाळी टाकतात आणि बाग आहे म्हणून सांगतात. मी तिथल्या तिथे शब्द दिला की जाळीवाले वेगळे पकडू, जांभळ्या चौकोनात. साहेब खूश झाले.

स्पृहा माझ्याकडे बघत राहिली. नंतर तिने इन्फ्रारेडबद्दल बराच वेळ सांगितलं. खरं पान आणि प्लास्टिक आपल्याला सारखंच हिरवं दिसतं, पण त्या कॅमेऱ्याला कसं वेगळं दिसतं वगैरे. मी मान हलवत होतो. डोक्यात जेवणाचा डबा होता.

२० फेब्रुवारी

अँटेनाच्या जागेची पाहणी. डोंगर आडवा येत नाही ना, हे मॅनेजरने जातीने बघायला हवं. खडकवासल्याला थांबलो. कांदाभजी उत्तम. सुदर्शन (अँटेनाचं सगळं तो बघतो) म्हणाला, जागा अजून बरीच पुढे आहे. उशीर झाल्यामुळे तो एकटाच पुढे जाऊन आला. रिपोर्टात 'मॅनेजरांच्या पाहणीनंतर' असे शब्द घालायला सांगितले.

९ मार्च

टीमला झापलं. सॉफ्टवेअरमध्ये तीन ठिकाणी शेरा होता: तात्पुरता उपाय. मी बोर्डवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तात्पुरतं असं काही नसतं. तात्पुरतं म्हणून जे बांधतात, तेच कायमचं राहतं.' वाक्य फारच चांगलं झालं. त्याच भरात दुसरं लिहिलं, 'फ्रीझ म्हणजे फ्रीझ.' एकदा ठरलेली गोष्ट कोणासाठीही बदलायची नाही, माझ्यासाठीसुद्धा नाही. शेवटचं जरा जास्त झालं, पण बोलण्याच्या ओघात होतं असं.

टाळ्या पडल्या नाहीत. दोन्ही वाक्यं छापून रिसेप्शनला लावायला दिली.

२७ मार्च

टिटवी वर गेली! पहिला सिग्नल आमच्या अँटेनाने पकडला तेव्हा सुदर्शनच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. माझ्याही आलं असतं, पण मी वारजे पुलाखाली ट्रॅफिकमध्ये होतो. फोनवरून सूचना दिल्या. (असंच चालू ठेवा.)

२३ एप्रिल

डेमो ७ मेला. साहेब स्वतः येणार. पसंत पडलं तर पुढची काही वर्षं काम आणि मी डायरेक्टर. नाही पडलं तर टीम बंद, स्पृहा-सुदर्शनसकट सगळे घरी. वरून स्पष्ट सांगितलंय.

डेमोसाठी असा भाग हवा, जिथली बांधकामं खरी की खोटी ते कोणीतरी हिंडून तपासून देईल. स्पृहाने तीन गावं सुचवली. तिन्हीकडे उन्हातान्हात फिरावं लागणार. मी म्हणालो, वारजे घ्या, तिथला इंच न इंच मला पाठ आहे. स्थानिक साक्षीदार म्हणून श्यामलाताईंना बोलावलं. भूगोलाच्या बाई, शिवाय माझं काम एकदा डोळ्यांनी बघितलं की ओलीचा विषय आपोआप मिटेल. साहेबांना मेल गेला. फ्रीझ.

२४ एप्रिल

स्पृहाने विचारलं, सर, जुना फोटो तीन वर्षांपूर्वीचा आहे, त्यानंतर तुमच्या इमारतीवर नवीन काही झालंय का? नाही, म्हणालो. तात्पुरत्या गोष्टी मी यात धरत नाही.

२५ एप्रिल, पहाटे ५.३०

खरोखरच साडेपाचला जाग आली. पुन्हा झोप लागेना.

२७ एप्रिल

एक तांत्रिक मुद्दा मांडला. वारज्यात धूळ फार, फोटो खराब येईल, भाग बदलावा. स्पृहाने रिसेप्शनला लावलेल्या वाक्यांकडे बोट दाखवलं.

१ मे

सुट्टी. ऊन भयंकर, पत्रा फार तापतो. स्वारगेटला जाऊन हिरवी जाळी आणली आणि सगळा पत्रा झाकून टाकला. केवळ उन्हासाठी. बाजूने तुळस आणि कढीपत्त्याच्या कुंड्या मांडल्या. मग पाण्याच्या टाकीवर चढून वरून बघितलं. बाग, साक्षात बाग! हेमा म्हणाली, दोन उन्हाळे तापलात तेव्हा नाही सुचलं ते. तिला उष्माघाताचं गांभीर्य नाही.

रात्री छान झोप लागली.

७ मे

डेमो. सविस्तर लिहितो, कारण सिस्टीम उत्कृष्ट चालली.

सकाळी टिटवी डोक्यावरून गेली आणि दुपारी फोटो पडद्यावर आला. हायवे, नदी, मोकळे प्लॉट, सगळं लख्ख. लाल चौकोन पडू लागले. पुलाजवळचं नवं गोडाऊन, एका मंगल कार्यालयाची वाढवलेली बाजू. श्यामलाताई शाळेत हजेरी घ्यावी तशा प्रत्येक चौकोनाला 'आहे' म्हणत होत्या. मग आमची इमारत आली. तिच्यावर एक लाल चौकोन पडला आणि त्याच्याभोवती सावकाश एक जांभळा. अख्ख्या पडद्यावर तेवढा एकच जांभळा. कढीपत्ता बरोबर ओळखून बाजूला काढला होता.

साहेब खुर्चीत पुढे सरकले. मी घाईने म्हणालो की सॉफ्टवेअर नवीन आहे, कधी कधी असं होतं. साहेबांचा चेहरा पडला. म्हणजे हे चुकतं का, त्यांनी विचारलं. स्पृहा की-बोर्डकडे बघत होती, सुदर्शन माझ्याकडे. तीन महिने ही पोरं रविवारीसुद्धा येत होती. इतकं वाईट मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

मी म्हणालो, नाही. सॉफ्टवेअर बरोबर आहे.

साहेबांनी साक्षीदाराला विचारलं की जाळीखाली नक्की काय आहे. श्यामलाताईंनी चष्मा पुसला, लावला, आणि म्हणाल्या,

"खोली आहे. तात्पुरती. माझ्या छताला दोन वर्षं ओल येतेय, तीसुद्धा तात्पुरतीच असावी."

खोली कोणाची, असं साहेबांनी विचारलं. मालक इथेच बसलेत, ते सांगतील, असं त्या म्हणाल्या. सांगितलं. साहेब डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, सिस्टीम सिद्ध करायला स्वतःचं घर पुढे करणारा मॅनेजर आजवर पाहिला नव्हता. काम आम्हाला मिळालं. मूळ कल्पना तीच होती, असं नंतर टीमला सांगितलं. कोणी काही विचारलं नाही. स्पृहाने मात्र आपणहून चहा आणून दिला.

१० मे, रविवार

सोसायटीची मीटिंग. पावसाळ्याच्या आत खोली काढायची, ठराव एकमताने मंजूर. त्या एकमतात माझंही धरलं गेलं. इतिवृत्ताला जोडायला श्यामलाताईंना उपग्रहाचा फोटो हवा होता. यापुढे आमच्या इमारतीचा प्रत्येक फोटो त्यांना परस्पर जाईल. साहेबांनीच तसं कबूल केलंय, स्थानिक साक्षीदार म्हणून.

२३ मे, सकाळी ८.४०

(खरी वेळ.)

डायरेक्टर झालो. हे स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कोपऱ्यावर लिहितोय. बाकीच्या टेबलावर हेमा लोणच्याच्या कैऱ्या फोडते आहे. विचार करायला हातभर जागा उरली आहे आणि तिच्यावर मीठ सांडलंय. वेधशाळा परवा उतरवली. पत्रा भंगारवाल्याने नेला. तो जिना उतरत होता तेव्हा मी खाली पार्किंगमध्ये गाडी पुसत उभा राहिलो. मला ती खोली फार आवडायची. हेमा म्हणाली, हवं तर बाल्कनीतलं वॉशिंग मशीन जरा सरकवू.

आत्ताच टिटवीचा कालचा फोटो आला. आमची गच्ची मोकळी. खोलीच्या जागी नवा हिरवा चौकोन, त्यावर लिहिलंय: बांधकाम हटवले. अचूक आहे. कोपऱ्यात मात्र टाकीजवळ एक इवलासा जांभळा चौकोन दिसतोय. जाळीची गुंडाळी तिथे ठेवली होती.

श्यामलाताईंचा मेसेज आला: हे काय आहे?

'तात्पुरतं' असं टाइप केलं. मग पुसलं. जाळी आणायला वर जातोय.