काकूच्या ओसरीतले व्हिडिओ गेम

प्रिय काकू,

तुला जाऊन वर्ष होत आलं. आज लिहायला बसले, कारण सकाळी आपल्या वणीहून कॉलेजचा फोन आला. जुन्या व्हिडिओ गेमवर पुण्यात बोललात, तेच आमच्याकडे येऊन बोला म्हणाले. हो म्हणण्याआधी तुझ्याशी बोलायचं होतं.

आठवतं का? तू अंथरुणावर होतीस तेव्हा मी सांगितलं होतं, पुण्यात गेमवाल्यांचं संमेलन भरतं, तिथे जुन्या खेळांच्या इतिहासावर भाषणं होतात आणि मला बोलावलंय. तू हसलीस. मग म्हणालीस, "सांग बाप्पा काय सांगाचं ते. पण माह्यं नाव नोको घेजो. लोक म्हणतीन, हिनंच पोट्टे बिघडवले."

लोक म्हणायचेच. काका खाणीत पाळीवर गेले की तू ओसरीत दोन टीव्ही मांडून पोरांना तासावर पैसे घेऊन गेम खेळायला द्यायचीस. शाळेचे मास्तर तिथून जाताना मान फिरवत. मुलींनाही आत घेतेस म्हणून शेजारणींनी तुला हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. तरी टीव्हीसमोरची एक जागा तू आम्हा मुलींसाठी राखून ठेवलीस. त्याचं मोल तेव्हा मला कुठे कळत होतं?

आणि भर दुपारी लाइन जायची तेव्हा? पंखा थांबे, पडदा काळा होई. "कोणी उठाचं नाही," तू दारातून सांगायचीस. "ज्याचा गेम कटला त्यानं पुढचं तोंडानं सांगाचं." गिऱ्हाईक उठून जाऊ नये म्हणून काढलेली युक्ती होती ती, मला ठाऊक आहे. पण मी कुठून उडी मारली असती, राक्षसाला कसं चकवलं असतं, ते रंगवून सांगत बसायची. तू तूर निवडता निवडता विचारायचीस, "मंग? तिकून काहून गेली तू?" चारचौघांत बोलायला मी तिथे शिकले, काकू. हे तुला कधी सांगितलंच नाही.

एक राग मात्र अजून आहे. मोबाइल आले आणि तू सगळं सामान भंगारवाल्याला देऊन टाकलंस. मला एकदा विचारायचंस तरी.

पुण्यात आधी मी परदेशी यंत्रांचा इतिहास सांगितला. लोक ऐकत होते, अधूनमधून जांभयाही देत होते. मग मी पडद्यावर एक जुना गेम लावला, तो मध्येच बंद केला आणि म्हटलं, पुढचं आता तोंडाने सांगा. सांगलीचा एक मुलगा उठून सांगू लागला. परभणीचे एक डॉक्टर तर बोलता बोलता हवेतच बटणं दाबू लागले. हसणं ओसरल्यावर मी तुझ्या ओसरीबद्दल सांगितलं. मागून एका बाईंनी विचारलं, "त्या काकूंचं नाव काय?"

तू नको म्हणाली होतीस. पण एकेक यंत्र बनवणाऱ्याचं नाव मी आदराने घेतलं होतं, आणि जिच्यामुळे तिथे उभी होते, ती नुसती 'एक काकू'? शकुंतला, मी म्हणाले. वणीच्या. बाईंनी ते लिहून घेतलं.

रागावलीस का गं? पुणे लांब आहे, तिथे तुला ओळखणारं कोणी नव्हतं. वणीत समोर तेच मास्तर असतील, त्याच शेजारणी असतील. तुझी भीती मला कळते. तरीही मी कॉलेजला होकार कळवतेय. तुझं नाव पहिल्याच वाक्यात घेईन, हा माझा शब्द. आणि हिने पोट्टे बिघडवले असं कोणी म्हणालंच, तर सांगेन, हो, त्यातलीच मी एक.

तुझीच,
मीनू