न वाजणारा गजर

मंगळवार, संध्याकाळ

आठवडाभर बाबांचं एकच, गजराचं घड्याळ बिघडलंय, वाजतच न्हाय. दोनदा पहाटेची मासेमारीची होडी त्यांना सोडून गेली. म्हणून आज त्यांना घेऊन रेवदंड्याच्या बाजारात घड्याळवाल्याकडे गेले. त्याने चावी दिली, काटा फिरवला आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. गजर असा खणखणला की बाहेरचा रिक्षावालासुद्धा वळून बघायला लागला. बाबा मात्र घड्याळाकडे बघत शांत उभे. मग मला म्हणाले, "बघ. सांगत व्हतो ना?"

घड्याळवाल्याने माझ्याकडे पाहिलं. गजर अजून वाजतच होता. आणि मी काय बोलले, तर "ठेवून घ्या, दुरुस्त करा." का बोलले असं? समुद्रात मागून येणारी बोट त्यांना ऐकू येणार नाही, हे तेव्हाच मनात आलं होतं. तरीही.

येताना बाबा खुशीत होते. म्हणाले, घड्याळवाल्याचं वय झालं, त्याला आता कळत न्हाय.

आत्ता जेवताना म्हणाले, "घड्याळ येईस्तोवर तूच उठव गं मला. दारातनं हाक मारलीस तरी पुरे."

मी हो म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मान हलवली.