दस्तगीरभाईंचा अंगठा

उमरगा, आषाढ, मंगळवार, १९४८

निजामाची हद्द ओलांडून सोलापूरला जायचा परवाना आज हातात पडला. कारण सुताची खरेदी, मुदत तीन दिवस. उद्या सकाळी निघायचं.

मी परत यायचो न्हाय, हे फक्त गिरिजाला ठाऊक आहे. रझाकारांनी पेठेतली दोन दुकानं जाळली, तेव्हाच तिला पोरांसकट सोलापूरला माहेरी धाडलं.

जामिनाशिवाय परवाना मिळत न्हाय. चौथ्या दिवशी मी नाक्यावर हजर झालो न्हाय तर जामीनदाराला उचलून नेणार. सख्ख्या चुलतभावानंही तोंड फिरवलं. शेवटी शेजारचे म्हातारे रंगारी दस्तगीरभाई आपणहून कचेरीत आले. कारकुनानं त्यांना अंगठा धुऊन यायला लावलं. दोनदा धुतला, पण नीळ काही निघाली न्हाय. मग तसाच उमटवला.

मी त्यांना खरं का सांगितलं न्हाय? सांगितलं असतं तर अंगठा दिला असता का? कदाचित दिलाही असता. तेच सोसत न्हाय.

संध्याकाळी दुकानाची किल्ली त्यांच्याकडं ठेवायला गेलो. ते सूत पिळत बसले होते. किल्ली घेतली तो अंगठा तसाच निळा.

"शिवअण्णा, दुसरी किल्ली हाय ना तुमच्यापाशी? तुम्ही परत याल आन् मी नमाजला गेलेलो असंन, तर दारात ताटकळायला नको."

हाय, म्हणालो. खिशातून काढून दाखवलीसुद्धा.